आधी चौथा पट्टा, मग परदेश

पत्र: मॅडम, माझं वय ३२. सहा वर्षं इथल्याच एका कंपनीत एअरबस ए ३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, ३,६०० तास झालेत. कमांड, म्हणजे कॅप्टनचं पद, ‘दोनेक वर्षांत’ मिळेल असं सांगतात. दोन वर्षांपूर्वीही हेच सांगत होते. आता परदेशातल्या एका मोठ्या कंपनीकडून बोइंग ७७७ साठी, फर्स्ट ऑफिसर म्हणूनच, ऑफर लेटर आलंय. पगार आत्ताच्या अडीचपट, घर कंपनीचं, मुलीच्या शाळेचा खर्चही त्यांचा. बायको दंतवैद्य आहे, तिचं क्लिनिक आत्ता कुठे बसू लागलंय. मुलगी तीन वर्षांची. बाबांच्या बायपासला वर्ष झालं. मित्र म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही, डोळे झाकून जा. उत्तर द्यायला तीन आठवडे आहेत. ड्यूटीचं रोस्टर बघायला फोन उघडतो आणि ते लेटरच वाचत बसतो. काय करू?
— एक फर्स्ट ऑफिसर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पगार, घर, शाळा याबद्दल तुम्हाला सगळं नेमकं ठाऊक आहे. कमांडबद्दल मात्र ‘दोनेक वर्षांत’ एवढंच. माझ्या मते तुमचा सगळा निर्णय त्या ‘दोनेक’मध्ये अडकला आहे आणि तो शब्द सोडवायचं काम तुम्ही अजून केलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. कमांड खरोखर दोन-अडीच वर्षांच्या आत असेल तर आत्ता जाऊ नका. कॅप्टनचा चौथा पट्टा खांद्यावर चढू द्या, कॅप्टनच्या डाव्या सीटवर हजारेक तास करा आणि मग परदेशाचं बघा. कमांड चार-पाच वर्षं लांब असेल, किंवा कंपनीला काही सांगताच येत नसेल, तर मात्र जा. मागे वळून न बघता जा.

हे का म्हणते? तुमचे ३,६०० तास आहेत, पण ते सगळे उजव्या सीटवरचे. लॉगबुकातला कमांडचा रकाना उघडून बघा. शिकत असताना लहान विमानावर केलेले शे-दोनशे तास तिथे असतील, त्यापुढे काही नाही. आता चार वर्षं ७७७ वर काढलीत असं धरू. वर्षाला ७००-८०० तास उडालात तर आणखी तीन हजार तास जमतील. विमान मोठं, मार्ग लांबचे, अनुभव अस्सल. पण कमांडचा रकाना आज आहे तसाच राहील. पुढे घरच्या कारणानं परतावं लागलं तर इथली कंपनी तुम्हाला पुन्हा ए ३२० च्या उजव्या सीटवर बसवेल, तेही यादीच्या तळाशी. तुमच्या बॅचचे लोक तोवर कॅप्टन झालेले असतील, एखादा तुमचाच चेक, म्हणजे उड्डाणाची चाचणी, घ्यायला येईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. मीही पायलट; कमांडला दीड वर्ष उरलेलं असताना मी परदेशी कंपनीत गेले. तेव्हा ३३ वर्षांची होते आणि दीड वर्ष म्हणजे मला जन्म वाटत होता. तिथे कमांड ‘चारेक वर्षांत’ होती. मग मंदी आली, नवी विमानं लांबली आणि ती सातव्या वर्षी मिळाली. इथे थांबले असते तर त्या वेळी डाव्या सीटवर माझी साडेपाच वर्षं झाली असती. मला तिथे काढलेल्या नऊ वर्षांचा पश्चात्ताप नाही. पण तेव्हा कुणी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला असता तर मी दीड वर्ष थांबले असते.

सिनिऑरिटीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, रोज तेच जगता. तरी आपण एक विसरतो. बेस, सुट्टी, दिवाळखोरीच्या दिवसांत कुणाला आधी काढायचं, कमांडला कुणाला आधी पाठवायचं, हे सगळं बऱ्याच कंपन्यांत रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतं आणि ती तारीख सोबत नेता येत नाही. कमांडचे तास मात्र तुमच्याबरोबर येतात. डाव्या सीटवर अनुभव घेतलेल्या माणसालाही काही मोठ्या कंपन्या वाइड-बॉडीवर, म्हणजे ७७७ सारख्या मोठ्या विमानांवर, आधी उजव्या सीटवरच घेतात, हे खरं आहे. पण त्याच्या लॉगबुकात ते हजार तास कायमचे लिहिलेले असतात आणि परतायची वेळ आली तर तो कॅप्टन म्हणून अर्ज करू शकतो.

आता लांब पल्ल्याच्या उड्डाणांबद्दल. मोठ्या विमानाची ओढ मी समजू शकते. ७७७ च्या कॉकपिटमध्ये पहिल्यांदा बसले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण तिथलं रोजचं काम कसं असतं, ते माहीत असू द्या.

चौदा तासांच्या फ्लाइटला आम्ही चौघं पायलट असायचो. एक जोडी पुढे, दुसरी बंकमध्ये झोपलेली, मग अदलाबदल. टेकऑफ एकाच्या हातून होणार, लँडिंग एकाच्या. महिन्यात चार-पाच फेऱ्या झाल्या तर माझ्या वाट्याला एखादं लँडिंग यायचं, एखादा महिना कोराच जायचा. नियम तुम्हाला पाठ आहे, ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग. माझी दोनदा भरली नाहीत, सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, जाऊन पुरी करावी लागली. ए ३२० वर दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करणारी मी, मागच्या जंप सीटवर बसून दुसऱ्याचं लँडिंग बघायचे. जमिनीपासूनची उंची सांगणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचा आवाज ‘थर्टी’, म्हणजे तीस फूट, म्हणाला की माझा उजवा हात मांडीवरच हळूच मागे यायचा, नाक उचलल्यासारखा. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचाही तसाच यायचा. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

त्या वर्षांनी दिलंही खूप. समुद्रावरून जाताना एक इंजिन बंद पडलं तर कुठे वळायचं याचा विचार सतत डोक्यात ठेवायची सवय, चार देशांचे चार पायलट एका चेकलिस्टवर कसे एकमतानं काम करतात ते, हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरचं हवामान. हे इथे शिकायला मिळालं नसतं. पण हात घडतो तो रोजच्या लँडिंगनं, आणि ३२ व्या वर्षी तुमचा हात अजून घडतो आहे. कमांडच्या आधीची शेवटची दोन वर्षं यासाठी फार मोलाची असतात. याच काळात कॅप्टन तुम्हाला विचारू लागतो, ‘तू असतास तर काय केलं असतंस?’

लायसन्सचं प्रकरण ऑफर लेटरमध्ये दोन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून थोडं थांबून सांगते. १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२ व्या कलमानुसार, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या पायलटचं लायसन्स ज्या देशात ते विमान नोंदलेलं आहे त्या देशानं दिलेलं किंवा मान्य केलेलं असावं लागतं. म्हणजे तुमचं इथलं लायसन्स कितीही चांगलं असलं तरी तिकडचा देश एक तर ते ठरावीक काळापुरतं व्हॅलिडेट करेल, किंवा तुम्हाला त्यांचं लायसन्स नव्यानं काढायला लावेल. युरोपचं हवं असेल तर थिअरीचे १३ विषय पहिल्यापासून द्यावे लागतात, वर त्यांचं क्लास वन मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, आणि स्किल टेस्ट. तुमच्या ऑफरमध्ये यातलं काय आहे ते विचारा. नुसतं व्हॅलिडेशन असेल तर ती नोकरी संपल्यावर हातात काही उरत नाही. त्यांचं लायसन्स मिळणार असेल तर तो दुसरा कागद पुढेही तुमचा राहतो, आणि पगाराच्या आकड्याइतकंच त्याला वजन द्या.

जायचं ठरलं तर इथलं लायसन्स मरू देऊ नका. मेडिकल, रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) आणि इंग्रजीची पातळीसुद्धा. चौथी पातळी असेल तर ती दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, पाचवी सहा वर्षांनी, सहावीला पुन्हा परीक्षा नाही. परतण्याची वेळ ठरवून येत नाही, आणि तेव्हा कागद जुळवण्यात महिने जातात.

२०२० साल आठवा. तेव्हा तुम्ही नुकतेच रुजू झालेले असाल. जगभर विमानं रांगेनं उभी होती. परदेशात असलेल्या कितीतरी पायलटांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर राहण्याचा परवानाही संपला. काही आठवड्यांत घर रिकामं करायचं, मुलांची शाळा मध्येच सोडवायची, गाडी मिळेल त्या किमतीला विकायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात हाँगकाँगची कॅथे ड्रॅगन कंपनी तर एका घोषणेत बंद झाली. माझ्या शेजारच्या घरातलं सामान खोक्यांत भरायला मी मदत केली आहे. त्यांच्या मुलानं आपल्या खोक्यावर नाव लिहिलं आणि विचारलं, ‘हे खोकं कुठल्या पत्त्यावर जाणार?’ त्याच्या आईबाबांनाही तेव्हा ते माहीत नव्हतं.

घरची कंपनी सुरक्षित असते असं मी म्हणत नाही. २००१ मध्ये अँसेट, २०१७ मध्ये मोनार्क आणि एअर बर्लिन, २०१९ मध्ये जेट एअरवेज; त्यांचे बहुतेक पायलट आपापल्या देशातच होते, तरी कंपनी बंद पडली. पण आपल्या देशात नोकरी गेली तर नोकरीच जाते. तिकडे नोकरी, घर, शाळा आणि व्हिसा एकाच दोरीला बांधलेले असतात. मेडिकल गेलं तरी तेच. रक्तदाबाची गोळी बदलली म्हणून काही काळ जमिनीवर बसावं लागलं तर पगार किती दिवस चालू राहील, लायसन्स गेल्याचा विमा कंपनी देते की आपण काढायचा, हे करारात बघा. नसेल तर लेखी विचारा.

पगाराबद्दलही एक-दोन गोष्टी. अडीचपट म्हणजे मूळ पगार अडीचपट, की घरभाडं, शाळा, प्रवास सगळं धरून? नोकरी सोडताना मिळणारी रक्कम बऱ्याच ठिकाणी मूळ पगारावर मोजतात. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा, असा हिशेब आहे. तिथे पेन्शन म्हणून तुमच्यासाठी दुसरं कुणी काही बाजूला ठेवत नसेल, तर ते तुम्हालाच ठेवावं लागेल, पहिल्या महिन्यापासून. बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरण्याचा करार, किती वर्षांचा, दर महिन्याला कमी होत जाणारा की शेवटपर्यंत पूर्ण रक्कम मागणारा, कमांडच्या वेळी नवा बाँड लागतो का, हेही बघा. कराचा सल्ला एखाद्या जाणत्या माणसाकडून घ्या. वर्षात किती दिवस देशात राहिलात यावर कर ठरवणारा १८३ दिवसांचा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, पण प्रत्येक देशाच्या अटी वेगळ्या असतात.

आता मला पत्रात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. तुम्ही बायकोबद्दल एक वाक्य लिहिलंत, तिचं क्लिनिक बसू लागलंय. तिला काय वाटतं ते लिहिलेलंच नाही. दंतवैद्याचं लायसन्सही तुमच्यासारखंच देशापुरतं असतं. तिलाही तिकडे परीक्षा, नोंदणी, कागद पडताळणी यातून जावं लागेल, आणि तुमच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला काम करता येतं की नाही, हे देशागणिक बदलतं. तुम्ही महिन्यातले पंधरा-सोळा दिवस बाहेर असाल. उरलेल्या दिवसांत निम्मे तुम्ही घरात असूनही झोपलेले असाल, कारण पाच तासांचा फरक भरून निघायला शरीराला चार-पाच दिवस लागतात आणि तोवर पुढची फ्लाइट येते. त्या अनोळखी शहरात, लहान मुलीबरोबर, हातातलं काम सोडून ती राहणार आहे. मी बघितलेल्या पायलटांपैकी जे लवकर परतले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना विमानानं किंवा कंपनीनं परत पाठवलं नव्हतं. घरात एक माणूस मिटत चाललं होतं. तिच्याशी बोला, आणि ‘जायचं का?’ असं विचारू नका. ऑफर लेटर तिच्या हातात द्या, तिला एकटीला वाचू द्या, दोन दिवसांनी विचारा.

बाबांबद्दल. परदेशी कंपनीत गेलं की स्टाफ तिकीट असतं, कधीही येता येईल, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या आईचं ऑपरेशन अचानक ठरलं तेव्हा शाळेच्या सुट्ट्या चालू होत्या. स्टाफ तिकीट म्हणजे जागा रिकामी असेल तर. मी सलग तीन फ्लाइटच्या गेटवर उभी राहिले, तिन्ही भरून गेल्या. चौथ्या वेळी पूर्ण पैसे भरून तिकीट काढलं आणि पोचले तेव्हा आई शुद्धीवर येऊन गेली होती. त्या आठवड्याची फ्लाइट बदलून द्या म्हणून मी कंपनीच्या रोस्टर विभागाला तीन मेल केले होते. उत्तर परत आल्यावर मिळालं. म्हणून तातडीची रजा करारात किती दिवसांची आहे आणि ती मागितली की मिळते की ‘कामकाजाच्या सोयीनुसार’ मिळते, हे वाचा. शक्य असेल तर ‘वीस दिवस काम, दहा दिवस घरी’ अशा पद्धतीच्या करारांचीही चौकशी करा. कुटुंब इथेच ठेवून जाणाऱ्या काहींना तो मार्ग मानवतो. लहान मुलगी असताना मला तो सुचवावासा वाटत नाही, पण निर्णय तुमच्या घराचा आहे.

मित्रांचं ‘संधी परत येत नाही’ हे मात्र मला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांसाठी पायलटच्या वयाची मर्यादा २००६ पासून ६५ आहे. तुमच्यापुढे ३३ वर्षं आहेत. या धंद्यात भरतीची लाट येते, ओसरते, पुन्हा येते. माझ्या डोळ्यांदेखत ती तीनदा आली. प्रत्येक लाटेत कमांडचे तास असलेल्याला आधी बोलावलं गेलं.

तर हे तीन आठवडे असे वापरा. उद्याच फ्लीट ऑफिसात जा आणि कमांडच्या यादीत आपला नंबर लेखी मागा. तोंडी ‘दोनेक वर्षं’ पुन्हा ऐकून येऊ नका. गेल्या वर्षी किती जण कॅप्टन झाले आणि पुढच्या दोन वर्षांत किती विमानं यायची आहेत, तेही विचारा. मग स्वतः भागाकार करा. समजा तुमच्या वर १४० जण आहेत आणि वर्षाला ६० जणांना कमांड मिळते, तर सव्वादोन वर्षं आणि थोडं वर. विमानं वेळेवर येत नाहीत म्हणून त्यात सहा महिने घाला. वरचे काही सोडून जातील म्हणून थोडे वजा करा. हा आकडा तुमच्या बायकोसमोर ठेवा. ऑफिसनं नंबर सांगायलाच नकार दिला, तर तेही एक उत्तर आहे आणि माझ्या लेखी ते जाण्याच्या बाजूनं पडतं.

त्याच वेळी परदेशी कंपनीला एक सरळ मेल करा: निवड कायम ठेवून रुजू व्हायची तारीख पुढे नेता येईल का, किती महिने? आणि तुमच्या फ्लीटवर फर्स्ट ऑफिसरला कमांड मिळायला सध्या किती वर्षं लागतात? विचारल्यानं ऑफर जात नाही. भरती विभागाला असे प्रश्न रोज येतात. कमांडचं त्यांचं उत्तर ‘साधारण’नं सुरू झालं तर तिथे आधीच गेलेल्या, तीन-चार वर्षं झालेल्या फर्स्ट ऑफिसरला गाठून विचारा. नुकत्याच गेलेल्याला विचारू नका, पहिलं वर्ष सगळ्यांचंच छान जातं.

आणि जायचं असो वा थांबायचं, लॉगबुक या आठवड्यात पुरं करा. सहा वर्षांत राहून गेलेल्या नोंदी, चीफ पायलटची सही आणि शिक्का, सिमचे रेकॉर्ड, तासांचं प्रमाणपत्र. कंपनी सोडल्यावर हे कागद मागत फिरणं किती जड जातं ते मी अनुभवलं आहे. नोटीस पिरियड किती आहे तेही त्याच फेरीत बघून घ्या.

यादीतला नंबर कळला की मला लिहा. बाबांना माझा नमस्कार सांगा.